बिनरेघेचा असोटा

चार माणसं दर रविवारी सकाळी एका खोलीत बसून पतंगांचे पंख न्याहाळतात, एवढंच ऐकलं तर तिथे किस्से काय घडणार असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण दोन वर्षांत अशी गत झाली आहे, की पतंगांना पेट्या पुरतात, किश्श्यांना पुरत नाहीत. परवा शिर्के काका म्हणाले, "मॅडम, कुठेतरी लिहून ठेवा. नाहीतर उद्या कोण काय बोललं यावरून वाद होतील."

वाद आत्ताच आहेत. तरी लिहिते.

*

मी बदलापूरचीच. पण आठवीत डेहराडूनच्या हॉस्टेलला गेले आणि तिथून शिकत शिकत थेट एडिंबराला पोचले. तिथे पतंगांचं वर्गीकरण शिकले. पतंग म्हणजे ट्यूबलाइटवर येतात ते. फुलपाखरांचे चुलत भाऊ, ज्यांचा फोटो कुणी काढत नाही! परत यायचं ठरलं तेव्हा विमानात मी अख्खी वही भरली. काय नव्हतं तिच्यात? कॉलेजची पन्नास मुलं, दहा मायक्रोस्कोप, वॉर्डावॉर्डात पतंगमित्र! गावात कुणाला यातलं ओ की ठो कळत नसणार आणि मी जाऊन सगळ्यांना शिकवणार, असा एकूण थाट होता.

वाचनालयाच्या हॉलमध्ये पहिलं व्याख्यान ठेवलं. साठ खुर्च्या मांडल्या. तीन माणसं आली.

एक शिर्के काका. अंबरनाथच्या एका फॅक्टरीत, इन्स्पेक्शन सेक्शनमध्ये, उभी हयात काढून रिटायर झालेले. "व्याख्यान फुकट असेल तर मी विषय विचारत नाही," हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. दुसऱ्या हेमा आंटी. उल्हासनगरात कॅम्प दोनला त्यांचं लेस-दोऱ्याचं दुकान आहे, आणि पतंग म्हणजे कपड्याला लागणारी कसर अशा समजुतीने त्या आल्या होत्या. तिसऱ्या तारामावशी. चामटोलीहून भाजी घेऊन आल्या होत्या, भाजी संपली होती, आणि हॉलमधला पंखा चालू होता.

चाळीस मिनिटं मी जीव तोडून बोलले. शेवटी विचारलं, "काही शंका?"

"पुढचं कधी?" शिर्के काका म्हणाले.

"बेटा, सब अच्छा था," हेमा आंटी म्हणाल्या, "पण माझी लेस कोण खातो, ते तर तू सांगितलंच नाही."

तारामावशींना डुलकी लागली होती. त्या दचकून जाग्या झाल्या आणि पडद्याकडे बोट करून ओरडल्या, "ह्योच! ह्योच मेला माझ्या उंबराची पानं खातो!"

पडद्यावर शेवटचं चित्र तसंच राहिलं होतं. काळपट अंगाची, विटकरी डोक्याची, लांब विरळ केसांची अळी, आणि शेजारी तिचा झालेला पतंग. असोटा! ज्याच्यावर मी पाच वर्षं घासली होती आणि जो शोधायला महिनाभर घाटात फिरायचं माझं ठरलं होतं, तोच.

"घाटात कशाला गो फिरतेस, बाय?" तारामावशी म्हणाल्या. "चामटोलीला ये. रिक्षा येते."

*

गेले. आणि तिथेच माझं भूत माझ्या मानगुटीवर बसलं.

तारामावशींच्या घरामागे उंबर आहे. त्याची पानं अळ्यांनी चाळणी केलेली. कोंबड्या खाली फिरत होत्या, पण एकही कोंबडी अळीला तोंड लावत नव्हती. "एकदा लावतात," मावशी म्हणाल्या, "मग चोच पुसत फिरतात." मी म्हटलं, या अळ्या वाढवायला डबे, जाळ्या, हवा मोजायचं यंत्र आणते. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, घरात गेल्या, भाकरीची जुनी टोपली आणली, तिच्यावर पातळाचा तुकडा बांधला आणि म्हणाल्या, "आन काय लागतं?"

तीन आठवड्यांनी त्या टोपलीतून पतंग निघाला. पुढचे पंख मातकट करडे, मुळाशी नारिंगी ठसा आणि त्यावर काळे ठिपके. मागचे पंख आणि पोट पिवळंधमक. म्हणजे सगळं असोटाचं. उंबरावर येणाऱ्या आपल्याकडच्या एका असोटाच्या पुढच्या पंखावर, नारिंगी ठशापासून मधोमध गेलेली एक फिकट पांढरी रेघ असते. या पतंगाला ती रेघ नव्हती. दुसरा निघाला, त्यालाही नव्हती. तिसऱ्यालाही नाही.

नवीन जाती! विज्ञानाला ठाऊक नसलेली! बदलापूरपासून रिक्षाच्या अंतरावर!

माझी फेलोशिप दोन वर्षांची. त्यात मोठं काही हाती लागलं तर पुढची तीन वर्षं मिळणार, म्हणजे मी इथेच राहणार. नाही लागलं तर एडिंबराची खोली माझी वाट बघत होतीच. त्या दिवसापासून माझं सगळं राहणं-जाणं त्या नसलेल्या रेघेला टांगलं होतं.

मावशी टोपलीत डोकावल्या. "तीन आठवडे खायला घातलं," त्या म्हणाल्या, "आन निघाली ती बी मळकीच."

*

आमची बैठक अंबरनाथला, शिर्के काकांच्या मागच्या खोलीत भरते. पहिल्या रविवारी मी प्रजाती आणि जाती यांतला फरक समजावत होते. फळ्यावर झाड काढलं, फांद्या काढल्या, बाण काढले. तिघं सभ्यपणे बघत होते. वीस मिनिटांनी तारामावशी म्हणाल्या, "म्हंजी प्रजाती आडनाव, आन जात म्हंजी घरातलं एकेक मानूस."

मी फळा पुसला.

"मग असोटा हे आडनाव कशावरून लागलं?" शिर्के काकांनी विचारलं. त्यांना कागदोपत्री पुरावा लागतो.

मी भिंग दिलं. असोटाच्या तोंडापासून दोन बारीक अवयव निघतात आणि वर वळून डोक्याच्याही वर जातात. त्यांचा शेवटचा सांधा लांब, सडपातळ. ही या घराण्याची मोठी खूण. काकांनी व्हर्नियरने मापायचा प्रयत्न केला, तो फसला. हेमा आंटींनी चष्मा बदलला. मग भिंग मावशींकडे गेलं आणि त्या खो खो हसायला लागल्या.

"नाक वर करून बसलीय बग! जशी काय माझी धाकटी जाऊ!"

पुढच्या रविवारी काकांनी नवीन रजिस्टर आखून आणलं. अक्षर मोत्यासारखं. रकाने: दिनांक, ठिकाण, पंखाची लांबी, आणि चौथा रकाना, 'धाकटी जाऊ: आहे / नाही.'

तो रकाना आजही आहे. बाहेरून कुणी शास्त्रज्ञ आले की मला रजिस्टर दाखवताना घाम फुटतो.

*

वर्गीकरणाचा एक भाग मी मुद्दाम पुढे ढकलत होते. दिसायला अगदी सारख्या दोन जाती खात्रीने वेगळ्या करायच्या, तर पतंगाच्या पोटाचं टोक उघडून जननेंद्रियं बघावी लागतात. प्रत्येक जातीची घडण वेगळी. एडिंबरात हे आम्ही चहा पिता पिता बोलायचो. इथे समोर शिर्के काका, त्यांच्या मागे काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या.

मी डोळे मिटून सांगून टाकलं.

काका खिडकीबाहेर बघायला लागले. हेमा आंटींनी पदर तोंडाला लावला. तारामावशी मात्र एकदम खूश! "त्यात लाजायचं काय, बाय? मानसाचं पोर जन्माला आलं का आपन बी पयलं तिथंच बगतो!"

काकूंच्या हातातला ट्रे हसून हसून हिंदकळला.

संध्याकाळी रजिस्टर चाळलं तर काकांनी तपासणीचा नवा रकाना आखला होता. मथळा: 'रिअर असेंब्ली.'

*

असोटाचं कुळ कोणतं, हा शास्त्रज्ञांचा जुना तंटा. आधी त्याला वाघपतंगांच्या कुळात बसवलं. मग म्हणाले, नाही, हे वेगळंच घराणं आहे, त्याला स्वतंत्र कूळ दिलं. मग दुसऱ्या मोठ्या कुळात घातलं. आता डीएनए बघून एरेबिडी नावाच्या कुळात आणून बसवलंय, त्यातल्या एका उपकुळात. मी हे सगळं तक्त्यावर मांडलं आणि वाटलं, आता हे लोक विज्ञानावरचा विश्वास गमावणार.

"बदलीचे आदेश आहेत का?" शिर्के काकांनी विचारलं.

मी शोधनिबंधांच्या प्रती दिल्या. त्यांनी त्या पंच करून फाइलला लावल्या. वर लिहिलं, 'असोटा: बदल्या.'

हेमा आंटी मात्र तक्त्याकडे बघत राहिल्या होत्या. म्हणाल्या, "बेटा, हे तर आमच्यासारखंच आहे. माझे सासरे सिंधमधून आले ना, तर पत्ता होता बॅरक नंबर आणि खोली नंबर. मग ब्लॉक आला. मग सेक्शन. मग रोडला नाव दिलं. मग बिल्डिंग झाली, तर विंग. पोस्टमन बिचारा पागल झाला."

"आणि घर?" मी विचारलं.

"घर? घर कुठे हललं? सासरे त्याच खिडकीत बसून पापड खायचे."

एडिंबरात एका प्राध्यापकांनी हाच मुद्दा सांगायला दोन तास घेतले होते. मला तेव्हाही नीट कळला नव्हता.

*

हेमा आंटींचा दुसरा किस्सा रंगाचा. असोटाच्या दोन जातींमधला मागच्या पंखांचा पिवळा थोडा वेगळा असतो. एक हळदीकडे झुकतो, दुसरा नारिंगीकडे. माझ्या नवीन जातीचा पिवळा नेमका कोणता, हे निबंधात लिहायचं होतं. मी संगणकावर रंग जुळवत बसले होते.

"काय करतेस?" आंटींनी विचारलं.

"रंग बघतेय."

"ट्यूबलाइटमध्ये?" त्यांचा आवाज असा, जणू मी चपला घालून देवघरात गेले होते. त्यांनी माझ्या हातातली पेटी घेतली, दारात गेल्या, उन्हाकडे पाठ केली आणि पर्समधून दोऱ्यांचं शेडकार्ड काढलं. शेकडो पिवळे! एकेक दोरा पंखाजवळ धरत गेल्या. "ये नहीं... ये भी नहीं... ये ले. चारशे चौदा. चारशे बारा वाटेल तुला, पण बारा नाही. बारा धुतला की उतरतो."

"आंटी, पतंग कोण धुणार?"

"गिऱ्हाइकाला असं विचारायचं नसतं."

पुढच्या आठवड्यात माझ्या एडिंबराच्या सरांशी व्हिडिओवर बोलणं झालं. त्यांनी विचारलं, रंगासाठी कोणतं प्रमाण वापरलंस? मी चारशे चौदाची रीळ कॅमेऱ्यासमोर धरली. ते बराच वेळ पुढे वाकून बघत होते. मग म्हणाले, "याचं पूर्ण कार्ड मिळेल का?"

आंटींनी पाठवलं. सोबत बिल नाही, फक्त एक चिठ्ठी: 'घाऊकमध्ये घेतलंत तर रेट बसवून देऊ.'

*

पतंग गोळा करायची आमची वेळ पहाटेची. रात्रभर दिव्यावर आलेले पतंग उजाडताना भिंतीवर गपगार बसलेले असतात. आपण पोचलो नाही तर बुलबुल आणि दयाळ पोचतात. काकांनी याला 'पहिली पाळी' नाव दिलं होतं.

एकदा अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या गेटच्या आतल्या भिंतीवर काकांना दुरून तीन असोटा दिसले. त्यांची नजर घारीची. सिक्युरिटीवाल्याला विनंती केली, त्याने आत सोडलं. पतंग डब्यांत घेऊन आम्ही बाहेर निघालो तर त्याने हात आडवा केला.

"माल बाहेर नेताय. गेटपास?"

"अहो दादा, हे पतंग आहेत," मी म्हटलं. "भिंतीवरचे."

"भिंत कंपनीची आहे, मॅडम."

मी वाद घालायला तोंड उघडलं, पण काका पुढे झाले. त्यांचा चेहरा उजळला होता. किती वर्षांनी कुणीतरी नियमाने बोलत होतं! "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले, "फाडा गेटपास."

त्याने पुस्तक काढलं. मालाचं वर्णन: पतंग. संख्या: तीन नग. स्थिती: चालू. मग पेन थांबलं. "रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?"

काकांनी डब्या उन्हाकडे धरून पाहिल्या. खरंच विचार केला.

"दोन नॉन-रिटर्नेबल," ते म्हणाले. "एक सोडून देऊ. मादी आहे, अंडी घालायची असतील."

गेटपासवर तसंच लिहिलं गेलं. खाली दोघांच्या सह्या. ती मादी काकांनी गेटसमोरच्या उंबरावर नेऊन सोडली आणि परत येऊन त्या दादाला सांगितलं, "एक नग परत केला. एंट्री मारा."

*

दुसरं वर्ष संपत आलं. निबंध लिहून झाला, मासिकाकडे गेला, आणि आमच्यात एकच विषय उरला: नाव! नवीन जातीला नाव शोधणाऱ्याने द्यायचं असतं.

"अंबरनाथच्या नावाचा एकही कीटक नाही," काका म्हणाले, "ही शहराची गैरसोय आहे."

"माझं नाव नको हं," हेमा आंटींनी न विचारता सांगितलं. "नाव मेल्यावर देतात. उद्या लोक दुकानात हार घेऊन येतील."

मी म्हटलं, मावशींचं देऊ. टोपली त्यांची, उंबर त्यांचा.

"किड्याला माझं नाव?" मावशी म्हणाल्या. "सासरची मान्सं म्हनतील, बरोबर हाय."

शेवटी गावाचं नाव ठरलं. लॅटिन वळणाने चामटोलिएन्सिस! प्रत्येकाने म्हणून पाहिलं. काका 'एन्सि'वर अडकायचे, आंटी शेवटी 'जी' लावायच्या. मावशींनी पहिल्या फटक्यात म्हटलं.

"चामटोली तर माझीच हाय," त्या म्हणाल्या. "पुढं जरा खोकायचं, झालं."

निघताना चपला घालता घालता त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "बाय, त्यो छापलेला कागद आला का एक मना दे. लॅमिनेशन करून."

*

आता शेवटचा.

मासिकाकडून परीक्षकांचं उत्तर आलं. काम आवडलं होतं. चित्रं आवडली होती. चारशे चौदाबद्दल स्वतंत्र कौतुक होतं. रिअर असेंब्लीतले फरक बारीक आहेत, पण चालतील असं म्हटलं होतं. शेवटी एकच प्रश्न: 'रेघ असलेले आणि रेघ नसलेले, यांच्या मधले नमुने तुम्हाला आढळले का?'

मी उत्तर टाइप केलं, 'आढळले नाहीत.' ते खरंच होतं. माझ्या पेट्यांत एका बाजूला ठळक रेघेचे असोटा होते, दुसऱ्या बाजूला बिनरेघेचे. मध्ये काही नाही. इतकं स्वच्छ वर्गीकरण मी म्युझियमातही पाहिलं नव्हतं.

तरी रीत म्हणून रविवारी काकांना विचारलं. गोळा केलेले नमुने पहिल्यांदा बघून पेट्यांत लावायचं काम सुरुवातीपासून त्यांचं होतं. हेमा आंटींकडे लग्न होतं, मावशींची भातकापणी होती. आम्ही दोघंच होतो.

"काका, मधले कधी दिसले नाहीत ना?"

"मधले?" काका म्हणाले. "आहेत की."

ते स्टुलावर चढले आणि माळ्यावरून बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे काढले. झाकणावर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'रिजेक्ट.'

मग त्यांनी खिशातून एक पट्टी काढली. जुन्या एक्स-रेची फिल्म कापून केलेली, तिच्यात रेघेच्या आकाराची बारीक खाच. "ही पंखावर धरायची," ते समजावून सांगायला लागले. "खाच पूर्ण भरली तर रेघवाला. पूर्ण रिकामी तर आपला चामटोलीवाला. अर्धवट भरली तर दोन्हीत बसत नाही. ते बाजूला. तुमच्यापर्यंत फक्त बरोबर माल यायला हवा ना!"

"मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

तेही खरंच होतं. दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. मला हवं तेच पेटीत दिसत होतं, मग कशाला विचारीन?

आम्ही डबे उघडले. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, दोन टोकांना माझ्या पेट्यांतला एकेक पतंग ठेवला आणि मध्ये डब्यांतले रेघेच्या लांबीप्रमाणे मांडत गेले. रेघ नाही. रेघेचा नुसता भास. केसाएवढी. पाव. अर्धी. पाऊण. पूर्ण. डब्यांतले सदतीस पतंग, आणि कुठल्याही दोघांच्या मध्ये सुरी घालून 'इथून जाती बदलली' असं म्हणायला जागा नव्हती. अकराव्या पतंगाची चिठ्ठी वाचली: चामटोली, तारामावशींची टोपली. टोकाच्या बिनरेघेच्याचीही तीच टोपली, तीच तारीख. एकाच आईची अंडी. एकाला अर्धी रेघ, भावाला नाही.

काकू पोहे घेऊन आल्या. बशा ठेवायला टेबलावर जागा नव्हती. त्या दारातच थांबल्या.

काका माझ्याकडे बघत होते. चौतीस वर्षं ज्याच्या सहीचा माल परत आला नाही, त्या माणसाचा आवाज बारीक झाला होता. "मॅडम, माझं काही चुकलं का?"

"नाही, काका. माझं." मग मी विचारलं, "पण तुम्ही हे फेकून का दिले नाहीत?"

"फेकून?" ते दुखावले. "रिजेक्ट फेकायचा नसतो. का रिजेक्ट केला, असं उद्या कुणी विचारलं तर? प्रत्येकाला तारीख आहे. जागा आहे. माझी सही आहे."

होती. सदतीसही चिठ्ठ्यांवर होती. मी एकेक वाचली. एडिंबरातल्या, जगभर नाव असलेल्या कपाटांत मी 'ठिकाण अज्ञात' लिहिलेले किती पतंग पाहिलेत! इथे नापास झालेल्या पतंगाच्या चिठ्ठीवर झाडाची दिशासुद्धा होती. मला रडायला आलं. ते माझी जाती गेली म्हणून होतं की त्या सह्या बघून, ते मला आजही सांगता येणार नाही. मी उभ्या उभ्या पोहे खाल्ले. दोनदा मागून घेतले.

दुपारी चामटोलीला गेले. मावशींना सांगायचंच, असं ठरवून गेले. वळणावरूनच उंबर दिसला आणि उंबराला बांधलेला फ्लेक्सही दिसला. 'चामटोलीचा पतंग, जगात पहिला! श्रीमती ताराबाई यांचे हार्दिक अभिनंदन!' मध्ये पदर डोक्यावर घेतलेल्या मावशी, त्यांच्या डोक्यामागे प्रभावळीसारखा पंख पसरलेला असोटा, आणि खाली बारा शुभेच्छुकांचे फोटो. त्यात धाकटी जाऊही होती.

मावशी भात कापून आल्या होत्या. हात धुऊन त्यांनी मला नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. "उतरलीस का गो?" म्हणाल्या. "झोपत नाय वाटतं. कागद आला का?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"येऊ दे सावकाश," त्या म्हणाल्या आणि आणखी अर्धी भाकरी वाढली.

मी न सांगताच परत आले. परतीच्या रिक्षात हिशेब सोपा होता. ते डबे काकांनी आणि मी, दोघांनीच पाहिले होते. काका कुणाला बोलणारे नव्हते. परीक्षक बदलापूरला येणार नव्हते. 'आढळले नाहीत' हे दोन शब्द आधीच टाइप झालेले होते. नुसतं बटण दाबलं की चामटोलिएन्सिस जगात येणार होता, माझी तीन वर्षं येणार होती, आणि लॅमिनेशन केलेला कागद मावशींच्या भिंतीवर लागणार होता.

सोमवारी सकाळी उठले. आई म्हणाली, आधी चहा घे. घेतला. संगणक उघडला. 'आढळले नाहीत' खोडलं आणि लिहिलं, 'सदतीस.' मग त्या एका आकड्याखाली निबंधातलं बाकी काहीच उभं राहीना, म्हणून निबंधच मागे घेतला. फेलोशिपवाल्यांना दोन ओळींत कळवलं. चप्पल घातली. चामटोलीच्या रिक्षात बसायच्या आधी काकांना फोन लावला.

"काका, आजपासून पट्टी उलटी वापरायची. जो तिच्यात बसतो तो मागाहून बघू. जो बसत नाही, तो आधी माझ्याकडे."

"म्हणजे रिजेक्ट पहिला?"

"पहिला."

पलीकडे काकूंच्या कुकरची शिट्टी झाली.

"मॅडम," काका म्हणाले, "लेखी द्या."